माघ-फाल्गुनातील परसबाग : महाराष्ट्रातील घरगुती बियाण्याच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने शेताभोवती झाले आहे. जमिनीची मोजणी, सारा, वतन, सावकारी, दुष्काळ, कापूस आणि ऊस यांसारखी नगदी पिके हे या लेखनाचे प्रमुख विषय राहिले. या सर्व विषयांना दप्तरांचा आधार आहे. शेत कराच्या कक्षेत होते, म्हणून त्याची नोंद झाली आणि नोंद झाली म्हणून त्याचा इतिहास लिहिता आला. घराच्या मागील दाराला लागून असलेल्या, चार वाफ्यांच्या आणि एका मांडवाच्या परसबागेला असे भाग्य लाभले नाही. तिचे उत्पन्न बाजारात क्वचितच गेले, तिच्यावर वेगळा सारा बसला नाही आणि तिची निगा राखणाऱ्या स्त्रियांनी हिशेबाच्या वह्या लिहिल्या नाहीत. तरीही कोट्यवधी कुटुंबांच्या रोजच्या कालवणाचा आणि आहारातील जीवनसत्त्वांचा मोठा वाटा याच जागेतून येत होता.

परसबागेच्या वर्षचक्रात हिवाळ्याची अखेर, म्हणजेच साधारणतः माघ आणि फाल्गुन हे महिने विशेष महत्त्वाचे ठरतात. या काळात हिवाळी भाज्या संपत येतात, त्यांचे बी धरले जाते, जमीन पुन्हा खणली जाते आणि उन्हाळी वेलांची लागवड होते. एका हंगामाचा शेवट व दुसऱ्याचा आरंभ यांच्यामधील हा सांधा म्हणजे बियाण्याविषयीच्या निर्णयाचा काळ होय. प्रस्तुत लेखात या सांध्याच्या आधारे परसबागेच्या दीर्घ इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. परसबागेविषयी प्राचीन व मध्ययुगीन साधनांतून मिळणारी माहिती एकत्रितपणे मांडणे.
२. माघ-फाल्गुनातील कामांमागील व्यवहारज्ञान स्पष्ट करणे.
३. परसबागेत वेळोवेळी झालेल्या बदलांपैकी मूलगामी बदल कोणता, याचा शोध घेणे.

परदेशी भाज्यांचे आगमन हा परसबागेच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल होय, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन त्याहून वेगळे आहे. नवी भाजी आल्याने परसबागेचे स्वरूप मुळातून बदलले नाही. बी घरात धरण्याऐवजी विकत आणले जाऊ लागले, तेव्हा ते बदलले.

प्राचीन साधनांतील परसबाग

'परसबाग' हा शब्द जोडशब्द आहे. 'परस' किंवा 'परसू' म्हणजे घराची मागील बाजू, तर 'बाग' हा फारसी शब्द. शब्द मिश्र असला तरी संकल्पना पुरातन आहे. अमरकोशात घराजवळच्या बागेला 'निष्कुट' अशी स्वतंत्र संज्ञा दिलेली आहे. नगराबाहेरील उपवनापेक्षा घरालगतची बाग वेगळी आहे, याची जाणीव त्या काळी होती, असा याचा अर्थ होतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या कर्तव्यांचे विवेचन करताना कोणत्या जमिनीत काय लावावे हे सांगितले आहे. पाण्याच्या फेसाचा मारा बसणारी नदीकाठची जमीन वेलफळांसाठी, तर विहिरीभोवतालची जमीन भाजी आणि कंदमुळांसाठी योग्य मानली आहे. भाजीची जागा पाण्यावरून ठरवण्याचा हा नियम महाराष्ट्रातील परसबागेलाही तंतोतंत लागू पडतो. त्याच प्रकरणात पेरणीपूर्वी बियाण्यावर करावयाच्या संस्कारांचीही माहिती आहे. कठीण कवचाच्या बियांना शेणाचा लेप द्यावा, ही सूचना त्यांपैकी एक होय.

परसबागेच्या दृष्टीने सर्वांत बोलका संदर्भ वात्स्यायनाच्या कामसूत्रातील आहे. सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासच्या मानल्या जाणाऱ्या या ग्रंथाच्या भार्याधिकारिक विभागात गृहिणीच्या कर्तव्यांमध्ये घराजवळ भाज्यांचे वाफे करणे, ऊस, जिरे, मोहरी, ओवा, बडीशेप यांसारख्या वनस्पती लावणे यांचा समावेश आहे. पुढे मुळा, पालक, काकडी, वांगे, कोहळा, दुधी, सुरण, लसूण, कांदा आदींची नावे देऊन त्यांचे बी जमवून ठेवावे व योग्य वेळी पेरावे, असे सांगितले आहे. या उल्लेखातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, परसबाग हे स्त्रीचे कार्यक्षेत्र मानले जात होते. दुसरी, बी जमवणे हे लागवडीइतकेच स्वतंत्र आणि महत्त्वाचे काम होते. तिसरी, या यादीतील बहुतेक भाज्या आजही मराठी घरांच्या परसात दिसतात. अर्थात हा ग्रंथ नागर आणि संपन्न वर्गाला उद्देशून आहे. त्यातील चित्र सर्व समाजाचे म्हणून स्वीकारता येणार नाही.

माघ-फाल्गुनातील कामे आणि त्यांमागील ज्ञान

दख्खनच्या पठारावर माघात थंडी ओसरू लागते. मेथी, कोथिंबीर, पालक यांना तुरे येतात. कांद्याला डेंगळे फुटतात. मुळ्याला शेंगा धरतात आणि या कोवळ्या शेंगांची, म्हणजे डिंगरीची भाजी होते. वाल, पावटा आणि घेवडा यांच्या शेवटच्या शेंगा वेलावरच वाळू लागतात. पानांसाठी लावलेली भाजी फुलावर आली की तिची चव उतरते. खाणाऱ्याच्या दृष्टीने या अवस्थेत वाफा संपलेला असतो, परंतु बी धरणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे खरे काम येथूनच सुरू होते.

बी धरण्यासाठी त्याग करावा लागतो. दुधी, दोडका, काकडी किंवा भेंडी यांचे फळ बियाण्यासाठी ठेवायचे, तर ते कोवळे असताना तोडता येत नाही. शिवाय एखादे फळ पूर्ण पिकू दिले की त्या झाडाची नवी फळे धरण्याची क्षमता मंदावते. सर्वांत निरोगी वेलावरचे सर्वांत चांगले फळ न खाता राखून ठेवणे म्हणजे आजच्या ताटातील भाजी पुढच्या वर्षासाठी बाजूला काढणे होय. घरात खाणारी तोंडे अधिक आणि भाजी थोडी असताना हा निर्णय घेणे सोपे नव्हते. कडू निघालेल्या वेलाचे बी ठेवायचे नाही, किडक्या शेंगेतील दाणा वेगळा काढायचा, अशा साध्या नियमांतून पिढ्यानपिढ्या निवड होत गेली. शास्त्रीय परिभाषेत ज्याला निवड पद्धतीने वाणसुधारणा म्हटले जाते, त्याचेच हे घरगुती रूप होते.

निवडीत वनस्पतीच्या परागीभवनाचाही वाटा असतो. वाल, घेवडा आणि चवळी यांच्यात स्वपरागीभवन अधिक असल्याने त्यांचे वाण फारसे न बदलता टिकतात. याउलट मुळा आणि काकडीवर्गीय वेलांत कीटकांमार्फत परपरागीभवन होते. त्यामुळे शेजारच्या परसातील दुधीचा परिणाम आपल्या दुधीच्या बियाण्यावर होऊ शकतो. या वेलांचे वाण एका घराच्या मालकीचे राहत नाहीत, तर ते वस्तीचे होतात. एकेका गावाची विशिष्ट काकडी अथवा भोपळा प्रसिद्ध असण्यामागे हे एक कारण संभवते.

बी साठवण्याच्या पद्धतीही विचारपूर्वक ठरलेल्या होत्या. राखेत मिसळून मडक्यात ठेवलेल्या बियांतील ओलावा राख शोषून घेते आणि किडींच्या हालचालीला अटकाव करते. चुलीच्या वर टांगलेल्या कणसांना, शेंगांना व वाळलेल्या दोडक्याला धुरामुळे कीड लागत नाही. भिंतीवर थापलेल्या शेणात भोपळ्याचे बी चिकटवून ठेवणे, सुक्या दुधीच्या पोकळीत बी राखणे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे या रीतीही प्रचलित होत्या.

त्याच सुमारास रिकाम्या वाफ्यांची कुदळीने खणणी होते. जुनी मुळे व धसकटे वेचून माती उन्हात तापू दिली जाते आणि कुजलेले शेणखत मिसळले जाते. वेलांसाठी आळी केली जातात. वालाचा जुना मांडव उतरवून त्याच्या काठ्या तपासल्या जातात व दोडका-कारल्यासाठी तो पुन्हा उभारला जातो. वेलवर्गीय बियांना उगवणीसाठी जमिनीत ऊब लागते. थंडीत लावलेले बी उगवण्याऐवजी कुजण्याचा संभव अधिक असतो, तर फार उशीर केल्यास फुलोरा कडक उन्हात सापडतो. म्हणून थंडी ओसरणे आणि ऊन वाढणे यांमधील थोडे दिवसच लागवडीला अनुकूल असतात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधणे आणि मोड दिसताच आळ्यात टोकणे, ही रीत हेच दिवस साधण्यासाठी आहे.

मकरसंक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरे, हरभरा, गाजर आणि वालाच्या शेंगा भरतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत स्त्रिया हळदीकुंकवाच्या निमित्ताने एकमेकींच्या घरी जातात. हिवाळी परसाचे उत्पन्न आणि स्त्रियांचे परस्परांच्या घरी जाणे-येणे हे एकाच काळात घडते, हा योग सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखा आहे.

नव्या भाज्यांचे आगमन : बदल की सातत्य?

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या सागरी व्यापारामुळे अमेरिका खंडातील अनेक वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर आल्या. त्यांत मिरची आणि तांबडा भोपळा यांचा, तसेच पुढे प्रसार पावलेल्या बटाटा व टोमॅटो यांचा समावेश होतो. या स्थलांतराच्या खुणा मराठी भाषेत स्पष्ट दिसतात. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. उत्तरेत त्याच कंदाला 'आलू' म्हणतात. मिरचीला जुन्या 'मिरी'वरून नाव मिळाले. अमेरिकेतून आलेल्या भोपळ्याला पूर्वीचेच 'भोपळा' हे नाव देऊन त्याच्यामागे 'तांबडा' हे विशेषण जोडले गेले व जुना भोपळा 'दुध्या' म्हणून ओळखला गेला. टोमॅटोला काही भागांत वांग्याशी नाते जोडणारे 'बेलवांगे' हे नाव मिळाले. नव्या वस्तूला जुन्या वस्तूच्या आधाराने ओळखण्याची ही प्रक्रिया म्हणजे ती वस्तू आपलीशी करण्याचीच प्रक्रिया होय.

या संदर्भात तेराव्या शतकातील संत सावता माळी यांच्या नावावर असलेल्या सुप्रसिद्ध अभंगाचे उदाहरण उद्बोधक आहे. अरणभेंडी येथील या संताने आपल्या मळ्यातील भाज्यांतच विठ्ठल पाहिला. आज गायल्या जाणाऱ्या पाठात कांदा, मुळा यांच्याबरोबर मिरचीचाही उल्लेख येतो. मिरची भारतात येण्याच्या दोन शतकांहून अधिक काळ आधी सावता माळी होऊन गेले. त्यामुळे हा पाठ मौखिक परंपरेत नंतर सिद्ध झाला असावा किंवा मूळ उल्लेख मिरीचा असावा, असे मानणे भाग आहे. काहीही असले तरी मिरची इतकी आपली झाली की तिच्या परकेपणाचा लोकस्मृतीला संपूर्ण विसर पडला.

हे कसे शक्य झाले? मिरची, तांबडा भोपळा आणि टोमॅटो यांचे बी घरच्या घरी धरता येते, ते येथील हवामानात पिकते आणि राखेच्या मडक्यात टिकते. नवी भाजी एकदा परसात आली की पुढच्या वर्षी ती घरचीच होई. वनस्पती परदेशी असली तरी बियाण्याचा व्यवहार देशीच राहिला. म्हणून या बदलाने परसबागेच्या व्यवस्थेत खंड पडला नाही, उलट ती अधिक समृद्ध झाली.

मराठेशाहीतील कागदपत्रे

परसबाग दप्तरात क्वचित डोकावते, तीही बहुधा तिच्यावरील संकटाच्या निमित्ताने. छत्रपती शिवाजी महाराजांनी १९ मे १६७३ रोजी चिपळूण परिसरातील लष्करी अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. घोड्यांचा दाणागोटा बेजबाबदारपणे संपवला, तर सैनिक कुणब्यांच्या घरी जाऊन दाणे, भाकर, गवत, लाकूडफाटा आणि भाजीपाला घेऊ लागतील व रयतेला त्रास होईल, असा इशारा त्यात आहे. प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास १६७६ मध्ये पाठवलेल्या पत्रातही रयतेच्या भाजीच्या देठाचासुद्धा मोह धरू नये, अशी ताकीद आहे.

या पत्रांचा विचार बहुतांशी लोककल्याणकारी राज्यकारभाराचा पुरावा म्हणून होतो आणि तो रास्तच आहे. परसबागेच्या अभ्यासकाला त्यांतून आणखी एक गोष्ट कळते. कुणब्याच्या घरी सैनिकाने हात घालावा अशी भाजी होती. कोठारातील धान्य लपवता येते, परसातील भाजी लपवता येत नाही. परसबाग हे कुटुंबाचे सर्वांत उघडे धन होते आणि म्हणूनच राज्यकर्त्याच्या शिस्तीची ती कसोटी ठरली.

महसूल, पाणी आणि सामाजिक विषमता

१८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात सुरू झालेल्या गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीने मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीला निश्चित रूप दिले. शेतजमिनीचे मोजमाप आणि मातीच्या गुणांनुसार प्रतवारी हा या पद्धतीचा पाया होता. गावठाणातील घरे व त्यांच्या मागील परसू या प्रतवारीच्या बाहेर राहिले. करातून मिळालेली ही सूट कुटुंबाला लाभदायक होती, परंतु तिच्यामुळे परसबाग अधिकृत आकडेवारीतून वगळली गेली. पुढील काळातील उत्पन्नाच्या अंदाजांत तिला स्थान मिळाले नाही आणि तिच्यात राबणाऱ्या स्त्रियांचे श्रमही मोजले गेले नाहीत.

परसबागेचे गौरवीकरण करताना एका वास्तवाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. माघानंतर विहिरींची पातळी खाली जाते आणि परसाला मुख्यतः वापरलेल्या पाण्याचाच आधार उरतो. न्हाणीचे पाणी अळू व केळीला आणि भांडी घासल्याचे पाणी वाफ्याला, अशी त्याची विभागणी असे. ज्या घरात वापरायलाच पुरेसे पाणी नाही, तेथे वाया जाणारे पाणी तरी कोठून येणार? गावकुसाबाहेर राहणाऱ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सार्वजनिक विहिरी व तळी बंद होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला महाड येथील चवदार तळ्याचा सत्याग्रह हा मानवी हक्कांचा लढा होता. पाण्याचा हक्क नाकारल्याने माणसाचा अवमान होतोच, शिवाय त्याच्या परसातील हिरवळही नाकारली जाते, हे परसबागेच्या इतिहासात नोंदवले गेले पाहिजे.

वसाहतकाळ आणि विकतच्या बियाण्याचा आरंभ

एकोणिसाव्या शतकात युरोपीय अधिकाऱ्यांच्या बंगल्यांभोवती वेगळ्या प्रकारच्या भाजीबागा उभ्या राहिल्या. पुण्याच्या गणेशखिंड येथील वनस्पती उद्यानाशी संबंधित असलेले जी. मार्शल वुड्रो यांनी भारतातील बागकामावर लिहिलेले पुस्तक याच वर्गाची गरज भागवणारे होते. कोबी, फुलकोबी, नवलकोल, गाजराचे युरोपीय वाण यांची लागवड पावसाळ्यानंतर होई आणि हिवाळ्याच्या अखेरीस बाग संपे.

देशी परसबाग आणि बंगल्याची बाग यांतील मूलभूत भेद येथेच दिसतो. कोबीला फुलावर येण्यासाठी कित्येक आठवडे कडक थंडी मिळावी लागते. सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान इतका काळ दख्खनमध्ये सलग टिकत नाही. परिणामी कोबीचा गड्डा मिळतो, बी मिळत नाही. म्हणून या भाज्यांचे बी दरवर्षी इंग्लंडहून मागवावे लागे. ज्या महिन्यांत देशी परसात बी धरण्याची लगबग असे, त्याच महिन्यांत बंगल्याची बाग उपटून टाकली जाई. महाराष्ट्राच्या भाजीबागेत बियाण्यासाठी परक्यावर अवलंबून राहण्याचा आरंभ अशा रीतीने कोबीबरोबर झाला.

फुलकोबीचा इतिहास मात्र थोडा वेगळा आहे. १८२२ मध्ये ती इंग्लंडहून सहारनपूर येथील बागेत आणली गेली, असे मानले जाते. उत्तर भारतातील शेतकऱ्यांनी उष्णता सहन करणारी व मैदानात बी देणारी झाडे निवडत नेली आणि त्यांतून भारतीय फुलकोबीचे वाण तयार झाले. बी धरण्याची संधी मिळाली की लोक परदेशी भाजीही आपली करतात, याला ही भाजी साक्ष आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातून येणारे बियाणे दुर्मीळ झाले, तेव्हा थंड हवामानाच्या क्वेट्टा परिसरात भाजीपाला बीजोत्पादन हाती घेण्यात आले. १९४७ च्या फाळणीनंतर क्वेट्टा पाकिस्तानात गेले. त्यानंतर हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात हे काम पुढे नेण्यात आले. एका भाजीचे बी भू-राजकीय घडामोडींशी कसे जोडले जाते, हे यावरून ध्यानात येते.

शहरांतील परिस्थितीही याच सुमारास पालटत होती. पुण्यात १८८६ मध्ये रे मार्केट ही भव्य मंडई सुरू झाली. नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी या वास्तूवरील खर्चाला विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले. वाड्यांची जागा चाळींनी व इमारतींनी घेतली, परसू आक्रसले आणि शहरी कुटुंब भाजीसाठी बाजारावर अवलंबून राहू लागले.

अन्नटंचाई, शासन आणि परसबाग

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथून येणारा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू झाली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने अन्नप्रश्नाचे भीषण रूप समोर आणले. तथापि या मोहिमेचा मुख्य भर तृणधान्यांवर होता. व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५२ मध्ये मोहिमेच्या मर्यादा दाखवून ग्रामजीवनाचा समग्र विचार करण्याची शिफारस केली. त्यातून १९५३ मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवेची उभारणी झाली.

१९६० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने राबवलेल्या उपयोजित पोषण कार्यक्रमात घरगुती व शालेय भाजीबागांना शासकीय योजनेत स्थान मिळाले. पोषणाच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु अशा योजनांचा सर्वसाधारण साचा बियाण्याची पाकिटे वाटण्याचा राहिला. पाकीट मिळाले त्या वर्षी बाग हिरवी होई. पुढील वर्षीच्या बियाण्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर पाकिटात नव्हते.

संकरित वाण आणि परसबागेतील खंड

१९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगमची स्थापना झाली, तर १९६६ मध्ये बियाणे कायदा संमत झाला. महाराष्ट्रात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. त्यांच्या कार्याचा आरंभ भेंडीच्या 'पुसा सावनी' या वाणाच्या बीजोत्पादनाशी निगडित आहे. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 'पुसा सावनी' हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला, त्या काळी केवडा रोगाला दाद न देणारा वाण होता. तो संकरित नव्हता. त्याचे बी शेतकऱ्याला पुन्हा वापरता येत असे. सुधारित वाण आणि घरगुती बियाणे यांत अपरिहार्य विरोध नाही, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

पुढील काळात भाज्यांचे संकरित, म्हणजे एफ-वन पिढीचे वाण बाजारात आले. दोन निवडक वाणांच्या संकरातून मिळालेली ही पहिली पिढी जोमदार, एकसारखी व भरपूर उत्पन्न देणारी असते. तिचेच बी धरून लावल्यास मेंडेलच्या नियमानुसार पुढील पिढीत गुण विभागले जातात आणि एकसारखेपणा राहत नाही. व्यापारी शेतकऱ्याला दरवर्षी बी विकत घेणे परवडते, कारण त्याच्या उत्पन्नात त्याची भरपाई होते. परसबागेला विक्रीचे उत्पन्नच नसते. शिवाय फळ राखून ठेवण्याचा पूर्वीचा निर्णयच निरर्थक होतो. राखेचे मडके रिकामे राहते आणि ते भरण्याचे ज्ञान पुढील पिढीकडे जाण्याचे प्रयोजन उरत नाही.

अन्नोत्पादनवाढीतील संकरित वाणांचे योगदान नाकारण्याचा येथे हेतू नाही. वाढत्या शहरांना वर्षभर भाजीपाला पुरवणे या वाणांमुळे सुकर झाले. प्रश्न इतकाच आहे की, बाजारासाठी योग्य ठरलेली व्यवस्था घरासाठीही योग्य ठरते, असे गृहीत धरले गेले.

बियाण्याचे पुनरागमन

या पार्श्वभूमीवर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे कार्य ऐतिहासिक महत्त्वाचे ठरते. औपचारिक शिक्षण न घेतलेल्या या आदिवासी शेतकरी स्त्रीने वाल, घेवडा, वेलवर्गीय भाज्या, पालेभाज्या आणि भात यांचे स्थानिक वाण जमवले. बाएफ संस्थेच्या साहाय्याने त्यांची बीजबँक उभी राहिली आणि परसबागांच्या माध्यमातून हे वाण इतर स्त्रियांपर्यंत पोहोचले. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगभरातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचा समावेश झाला, तर २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कामसूत्राने गृहिणीचे कर्तव्य म्हणून सांगितलेल्या आणि महसूल दप्तराने दुर्लक्षिलेल्या कामाला अशा रीतीने राष्ट्रीय सन्मान लाभला.

कायद्याची चौकटही काही अंशी अनुकूल आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व छापील नाममुद्रेविना विकण्याचा हक्क आहे. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. या बागांत माघ-फाल्गुनात विद्यार्थ्यांना बी धरायला शिकवले गेले, तर योजना आणि परंपरा यांतील तुटलेला दुवा जोडला जाऊ शकतो.

निष्कर्ष

१. परसबागेची परंपरा प्राचीन असून बी जमवणे हे तिचे आरंभापासूनचे अविभाज्य अंग आहे. ती प्रामुख्याने स्त्रियांच्या श्रमावर व ज्ञानावर उभी राहिली.

२. महसूल व्यवस्थेच्या कक्षेबाहेर राहिल्यामुळे परसबाग करमुक्त राहिली, परंतु इतिहासलेखनातूनही ती निसटली. तिच्या अभ्यासासाठी भाषा, सण, मौखिक परंपरा आणि प्रत्यक्ष बियाणे यांकडे साधने म्हणून पाहावे लागेल.

३. पाण्याच्या हक्कातील विषमतेमुळे परसबाग सर्व समाजघटकांना समान प्रमाणात उपलब्ध नव्हती.

४. सोळाव्या शतकानंतर आलेल्या परदेशी भाज्यांनी परसबागेत खंड पाडला नाही, कारण त्यांचे बी घरात धरता येत होते. कोबीसारख्या भाज्यांनी परावलंबनाची सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संकरित वाणांनी ते सार्वत्रिक केले. खरा खंड वनस्पतीच्या परकेपणामुळे पडला नाही, तो बियाण्याच्या परकेपणामुळे पडला.

५. हिवाळ्याच्या अखेरीस एखादे चांगले फळ न तोडता वेलावर राखून ठेवण्याचा निर्णय वरवर क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात त्या निर्णयातच निवड, संयम आणि पुढील पिढीचा विचार सामावलेला आहे. तो निर्णय घेणाऱ्या वृद्ध स्त्रिया आजही खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्याजवळचे ज्ञान नोंदवून घेण्यासाठी उपलब्ध असलेला काळ मर्यादित आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, वनस्पतिशास्त्र, गृहविज्ञान आणि मराठी या विभागांनी एकत्रितपणे आपल्या परिसरातील परसबागांचे व घरगुती वाणांचे दस्तऐवजीकरण हाती घेणे ही आजची निकड आहे.